पाच सर्किटांची पेटी, मोजमाप एकाचंही नाही

बस खाली, आणि माझं बोलून होईपर्यंत ‘पण सर’ म्हणू नकोस. गिटारसाठी एकाच पेटीत पाच डिस्टॉर्शन सर्किटं बसवायची, हवं ते हव्या त्याच्या पुढे-मागे जोडता यायला हवं, शिवाय दोन शेजारी-शेजारी चालवून मिसळताही यायला हवीत, असा बेत तू केलास. बेत मोठा आहे म्हणून मी रागावलेलो नाही. पाचांतलं एकही सर्किट तू एकटं चालवून, मोजून, ऐकून पाहिलेलं नाहीस, याचा मला राग आहे.

पेटी उघडल्यावर मी विचारलं, आकृती कुठे आहे? तू मोबाइल पुढे केलास. त्यात पाच सर्किटांची पाच चित्रं होती, पाचही दुसऱ्यांनी काढलेली. त्या पाचांना जोडणारी सहावी आकृती फक्त तूच काढू शकत होतास, आणि तीच कुठे नव्हती. अरे, तुझं डिझाइन म्हणजे ती सहावी आकृती. बाकीची पाच सर्किटं लोकांनी कित्येक दशकांपूर्वीच करून ठेवली आहेत. मग मी विचारलं, पाचांतल्या फझ सर्किटाच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर किती व्होल्ट आहेत? तू म्हणालास, “मोजले नाहीत सर, पण व्हई जाई.” होऊन जाईल म्हणे! मी चिमट्याने आउटपुट जॅकची तार जरा हलवली, तर ती सोल्डरच्या गोळीतून अलगद निघून आली. गोळी राखाडी, खरबरीत. तारेला ती कधी धरलीच नव्हती. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एस.टी.चे धक्के खात ही पेटी जळगावपर्यंत आली. उद्या युवारंग महोत्सवाच्या रंगमंचावर कुणाचा पाय तिच्या स्विचवर पडेल तेव्हा असे किती कोरडे जोड सुटतील, सांग.

आता एकेक घेऊ. फझमध्ये जुन्या रेडिओतले एसी१२८ लावलेस. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये अजून सापडतात, आणि १९६६ सालच्या फझ फेस पेडलच्या घडणीला ते चालतातही. पण जर्मेनियम गळतं. बेसला काहीही जोडलेलं नसताना कलेक्टरमधून करंट वाहत राहतो, आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की ही गळती दुपटीच्या घरात जाते. फझ फेस जन्मला इंग्लंडात. २५ अंशांच्या खोलीत जुळवलेले रेझिस्टर आपल्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या ४५ अंशांत तसेच चालतील हे तू कशावरून धरलंस? तिथे गळती चौपट झालेली असते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ९ व्होल्टच्या निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास हवेत. गळतीने ते जागचे हलतात, आणि सूर तुटक, फाटका निघतो. तू याला ‘जुना साउंड’ म्हणालास. हा साउंड नाही, बिघडलेलं बायसिंग आहे.

हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. बेस मोकळा ठेव, कलेक्टरच्या वाटेत मीटर घाल आणि ट्रान्झिस्टर दोन बोटांत धर. नुसत्या बोटांच्या उबेने आकडा चढताना दिसेल. खूप चढला तर तो नग बाजूला ठेव. जो लावशील त्याच्या कलेक्टरला ठरावीक रेझिस्टरऐवजी प्रीसेट दे, म्हणजे उन्हाळ्यात फिरवून जागेवर आणता येईल. तेवढंही नको असेल तर सिलिकॉन वापर. फझ फेस बनवणाऱ्यांनी स्वतःच पुढे बीसी१०८ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर घेतले. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक याहून वाईट. एसी१२८ पीएनपी आहे, म्हणून त्या फझमध्ये पॉझिटिव्ह ग्राउंडला जातो. बाकीच्या चार सर्किटांत निगेटिव्ह ग्राउंडला जातो. तू पाचही एका अडॅप्टरवर आणि एका लोखंडी पेटीवर जोडलीस. म्हणजे अडॅप्टरची दोन्ही टोकं पेटीच्या अंगातून एकमेकांना भिडली. अडॅप्टर का तापतो, हे मला विचारण्याआधी एक आकृती काढली असतीस तर कागदावरच दिसलं असतं. फझला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी दे, नाहीतर ७६६० आय.सी.ने उणे ९ व्होल्ट तयार कर. पण ती आय.सी. १० व्होल्टपर्यंतच सुरक्षित असते. तुझ्या त्या साध्या अडॅप्टरवर छापलंय ९, आणि लोड नसताना मीटरने दाखवले १३. छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा असेल तर मीटर विकत कशाला घेतलास?

आता तुझा लाडका मुद्दा, सगळी सर्किटं एकापुढे एक लावण्याचा. गणित कर. तुझ्या पाचांतल्या ट्यूब स्क्रीमरमध्ये फीडबॅकला ५१ किलोओहम आणि ५०० किलोओहमचा पॉट, खाली ४.७ किलोओहम. ड्राइव्ह पूर्ण उघडला की गेन साधारण ११८. डिस्टॉर्शन प्लसमध्ये ७४१ वर १ मेगओहम आणि खाली पुन्हा ४.७, म्हणजे गेन साधारण २१४. दोन्ही एकापुढे एक लावलीस तर मधली घट सोडून २५,००० पट. गिटारच्या तारेतून आलेला हम आणि हिस मिळून एका मिलिव्होल्टचा दहावा भाग धर. त्याचे अडीच व्होल्ट व्हायला निघतात. पण शेवटचे जर्मेनियम डायोड ०.३ व्होल्टच्या आसपासच सगळं छाटतात. मग काय झालं? तुझी नोट ०.३ वर थांबली आणि गोंगाटही ०.३ वरच पोचला. तू तार दाबून धरलीस तरी पेटी ओरडत राहते ती म्हणूनच. हम घालवायला तू वर एक नॉइज गेट लावायला निघालास. आधी गेन कमी कर.

आणि पाच सर्किटं म्हणजे पाचपट आवाज, हा समज डोक्यातून काढून टाक. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलची टोकं छाटणं. ज्याची टोकं छाटून झाली त्याला पुन्हा छाटून नवं फारसं मिळत नाही, मिळतो तो गोंगाट. पहिलं सर्किट हलकं ठेवायचं, त्याने दुसऱ्याला नुसतं ढकलायचं, तर दोघांचा उपयोग होतो. ट्यूब स्क्रीमर ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवतो, म्हणून तो पुढे लावला की मागच्या सर्किटात खर्जाचा चिखल होत नाही. वादक हे त्याचा ड्राइव्ह कमी ठेवून करतात. तुझे दोन्ही नॉब शेवटाला टेकलेले होते.

फझ मात्र कुठेही लावून चालत नाही. त्याचा इनपुट इम्पिडन्स फार कमी, गिटारची पिकअप त्याला थेट लागते, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की तो स्वच्छ होतो तो या थेट जोडणीमुळेच. तू त्याच्या आधी बफर ठेवलास, आणि मग फझ कर्कश वाटतो म्हणून कपॅसिटर बदलत बसलास. कुठलाही क्रम चालेल असा रोटरी स्विच लावणं म्हणजे ठरवायचं काम वाजवणाऱ्यावर ढकलणं. ते काम तुझं आहे.

दोन सर्किटं मिसळणाऱ्या ब्लेंडचंही तेच. नॉब मधोमध आणला की आवाज पातळ होतो, खर्ज गायब होतो, असं तूच सांगितलंस. एका वाटेवर तू एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर लावलास. तो सिग्नल उलटा करतो. दुसऱ्या वाटेवर सिग्नल सुलटा येतो. उलटा आणि सुलटा मिसळले की एकमेकांना खातात. प्रत्येक टप्पा सिग्नल उलटवतो की नाही हे कागदावर अधिक-उणे लिहून मोजायला पाच मिनिटं लागली असती.

तू मला इतिहास ऐकवलास, की फझचा शोधही अपघातानेच लागला. अर्धं खरं आहे. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला कन्सोलचा एक चॅनल बिघडला, आणि ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज फाटून आला. ते गाणं १९६१ मध्ये बाहेर आलं. पण ग्लेन स्नॉडी हा इंजिनीअर तिथे थांबला नाही. काय बिघडलं ते त्याने शोधलं, रेव्हिस हॉब्सबरोबर तसाच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बसवलं, आणि १९६२ मध्ये गिब्सनने मॅस्ट्रो फझ-टोन बाजारात आणला. त्यात तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल होते. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तेवढ्यावर जगाचे कान वेधले. अपघात कुणाच्याही टेबलावर होतो. तो पुन्हा हवा तेव्हा घडवता आला, तरच ती तुझी विद्या.

आणि हे सगळं मी तुला का बोलतोय? सोल्डरिंग गन हातात धरायला न शिकताच डिप्लोमा घेऊन जाणारी पोरं मी पाहतो. तू तसा नाहीस. तुला कान आहे, आणि भंगारातून एसी१२८ हुडकून काढायची चिकाटी आहे. मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन गिटारचे पेडल बनवते, आणि ते परदेशातले वादक घेतात. जळगाव-धुळ्याच्या पोराने तसं का करू नये? पण मोजमापाचा आळस घेऊन तिथवर कोणी जात नाही.

तेव्हा ही पेटी आज पूर्ण सोडव. प्रत्येक सर्किटाला स्वतःचा बोर्ड, स्वतःचा डबा. पहिलं फझ. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांचे व्होल्ट वहीत लिही, सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा. मग ट्यूब स्क्रीमर, त्याच्या ४५५८ वर अर्धा सप्लाय बरोबर येतो का ते पाहून. इनपुट-आउटपुटच्या तारा एकमेकींपासून लांब, शिल्डेड, आणि ग्राउंड सगळ्यांचं एका बिंदूवर. दोन सर्किटं एकटी नीट चालली की ती जोडायची सहावी आकृती काढ, गेन आणि सिग्नलचं उलट-सुलट लिहून. ती आकृती मी तपासेन, खोडेन, पुन्हा काढायला लावेन. माझी सही झाल्याशिवाय तिसरं सर्किट हातात घ्यायचं नाही. पाचही होतील, याच पेटीत होतील, आणि प्रत्येक नॉब काय करतो हे तुला विचारलं तर उत्तर ‘व्हई जाई’ नसेल, आकडा असेल. स्क्रूड्रायव्हर घे. सुरू कर.