पेरण्यास विलंब, फळाची घाई

शास्त्रपाठ : लेवीय १९:२३–२५, लूक १३:६–९



ज्येष्ठ महिना लागला, वळवाची एखादी सर पडून गेली आणि आंब्याचा हंगाम सरत आला, म्हणजे आपल्या खेड्यांतील घरोघरच्या उकिरड्यावर कोयींचा ढीग दिसू लागतो. मुले आंबा चोखतात आणि कोय भिरकावून देतात. पुढे पावसाळ्यात त्याच उकिरड्यावर चार-दोन कोयी आपोआप रुजतात, त्यांस तांबूस पालवी फुटते, आणि आठ दिवसांत कोणाची तरी शेळी येऊन ती खाऊन जाते. कोणी लाविले नाही, म्हणून कोणी राखिलेही नाही. हे दृश्य आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहो. आणि देवाने आपल्या हाती दिलेल्या बियांचे आपण काय करितो, हा प्रश्न प्रत्येक वेळी आमच्या मनात उभा राहतो.

वर दिलेल्या पाठांपैकी पहिला नियमशास्त्रातील आहे. इस्राएल लोक अद्याप रानात तंबू ठोकून राहत होते. त्यांच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. अशा लोकांस परमेश्वर मोशेच्या द्वारे सांगतो की, वचनदत्त देशात गेल्यावर तुम्ही खाण्याजोगी नाना प्रकारची झाडे लावाल. तेव्हा पहिली तीन वर्षे त्यांचे फळ खाऊ नका, चौथ्या वर्षीचे सर्व फळ परमेश्वराच्या स्तवनासाठी पवित्र माना, आणि पाचव्या वर्षापासून ते तुमचे. ह्यात दोन गोष्टी दिसतात. झाड लावण्यात दिरंगाई होईल अशी कल्पनाही येथे नाही. देशात जाणे व झाड लावणे ही एकाच दमात सांगितली आहेत. फळाच्या बाबतीत मात्र वर्षांमागून वर्षे थांबण्याची आज्ञा आहे. आमची चाल नेमकी उलटी आहे. आम्ही पेरण्यास विलंब करितो, आणि फळाची घाई करितो. आज ह्या दोन दोषांविषयीच आम्ही लिहीत आहो.

प्रथम विलंबाविषयी. सर्व बिया एका स्वभावाच्या नसतात. जोंधळा, बाजरी व हरभरा चांगला वाळवून कणगीत भरून ठेविला, तर पुढील पेरणीस उपयोगी पडतो. चिंचोका तर डब्यात पुष्कळ दिवस पडून राहिला तरी उगवण्याची शक्ती राखून असतो. ह्या बिया वाळल्याने टिकतात. परंतु आंब्याची कोय, फणसाची आठळी व जांभळाची बी ह्यांचा धर्म वेगळा आहे. त्यांचा जीव त्यांच्या ओलाव्यात असतो. त्या वाळल्या की मेल्या. ताजी कोय पेरिली तर दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. तीच महिना दीड महिना कोरड्या फळीवर राहिली तर बहुधा कधीच उगवत नाही. वरून पाहिले तर कोय जशीच्या तशी दिसते. आत मात्र गर सुरकुतून काळा पडलेला असतो.

हे आम्ही हानी सोसून शिकलो. कोकणातील एका मंडळीने आम्हांस एका उत्तम काप्या फणसाच्या आठळ्या दिल्या होत्या. त्या आम्ही कागदात गुंडाळून फळीवर ठेविल्या, आणि दौरा संपल्यावर सवडीने लावू असे मनाशी म्हटले. दोन महिन्यांनी लाविल्या, पाणी घातले, वाट पाहिली. एकही उगवली नाही. देणाऱ्याने जिवंत बी दिले होते. आमच्या सवडीने ते मारिले.

आठळ्यांची हानी लहान होती. त्याच वर्षी दुसरी एक हानी झाली, तिची आठवण आम्हांस अद्याप सुटली नाही. एका खेड्यात आमचा मुक्काम असता रात्री भजन आटोपून लोक पांगल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मागे राहिला, आणि खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, मला बाप्तिस्म्यासाठी शिकवाल का?” आम्ही आनंदाने म्हणालो, “अवश्य शिकवू. एवढी सुगी आटोपू दे, मग बसू.” सुगी आटोपली, पण पुढे वार्षिक सभा आली, मग उन्हाळा कडक झाला, मग पावसाने वाट मोडली. श्रावणात आम्ही तेथे गेलो, तेव्हा त्याच्या आईने सांगितले की, पोर दोन महिन्यांपूर्वी मुकादमाबरोबर पुण्यास कामाला गेले. आणि हेही सांगितले की, आपण याल म्हणून ते कित्येक रविवार पाटी-पेन्सिल घेऊन ओट्यावर बसत असे. पुढे त्याची आमची गाठ पडली नाही. देव त्यास विसरला नाही, आणि दुसरा कोणी सेवक त्यास भेटला असेल अशी आमची प्रार्थना आहे. तरी आमच्या हाती दिलेले बी आम्ही फळीवर ठेविले, हे खरेच आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात फेलिक्स सुभेदाराची गोष्ट आहे. पौल नीतिमत्त्व, इंद्रियदमन व पुढे होणारा न्याय ह्यांविषयी बोलू लागला, तेव्हा तो सुभेदार घाबरला. म्हणजे वचन त्याच्या अंतःकरणाला लागले होते. बी ओले होते. परंतु त्याने पौलास परत पाठविले, आणि सवड झाली म्हणजे बोलावीन असे सांगितले. पुढे त्याने पौलास वारंवार बोलाविलेही, परंतु ते पैशाच्या आशेने. भय पुन्हा वाटल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘आज’ ह्या एका शब्दावर इतका भर का दिला आहे, हे फेलिक्साच्या गोष्टीवरून कळते. वचन ऐकून ज्या दिवशी अंतःकरण ओले होते, तोच पेरणीचा दिवस. भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करावयाचे असेल, दारूची बाटली फोडावयाची असेल, घरात सायंप्रार्थना सुरू करावयाची असेल, तर ती इच्छा कोरडी पडण्यापूर्वीच केली पाहिजे.

आता घाईविषयी. कोय लाविल्यावर फळ केव्हा? पपई व शेवगा ही झाडे बियांपासून लाविली तरी साधारण वर्षाच्या आत-बाहेर फळ देतात. सीताफळास तीन-चार वर्षे लागतात. फणसास सात-आठ वर्षे, आणि रायवळ आंब्यास सहापासून दहापर्यंत. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, कोय कशाला लावावी, कलम आणावे. कलम लवकर फळते, आणि ज्या झाडाची काडी घेतली त्याच जातीचे फळ देते, हे खरे. हापुसाची कोय लाविली तर हापुसच येईल असे नाही. परंतु हापुसाचे कलम कशावर बांधितात? कोणीतरी रुजविलेल्या कोयीच्या रोपावरच. आज कोकणात जी कोयकलमे करितात, तीही नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या कोंबावर काडी बसवून करितात. लवकर मिळणाऱ्या फळाच्या खालीदेखील कोणाच्या तरी हाताने पेरिलेली कोय असते. आज आपणांस सहज मिळणारे मराठी शास्त्र, शाळा व प्रार्थनामंदिर ह्यांच्या खालीही असेच मूळ आहे.

विल्यम केरी हे मूळचे जोडे शिवणारे कारागीर १७९३ साली बंगालमध्ये आले. त्यांस झाडांचे वेड होते. कलकत्त्यास १८२० साली शेतकी व बागायतीची जी संस्था स्थापन झाली, तिचा पुढाकार त्यांचाच. त्यांची पहिली वर्षे फार कष्टाची गेली. पाच वर्षांचा मुलगा मरण पावला, पत्नीची बुद्धी भ्रमली, आणि वर्षांमागून वर्षे एकही बंगाली मनुष्य ख्रिस्ताकडे आला नाही. शेवटी १८०० सालच्या डिसेंबरच्या २८ तारखेस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. आंब्याचे रोप मोठे होण्यास लागतात तितकी, सात वर्षे, मध्ये गेली होती. त्या सात वर्षांत केरीसाहेब स्वस्थ बसले नव्हते. ते भाषा शिकत होते, शास्त्राचे भाषांतर करीत होते, उपदेश करीत होते. पुढे त्याच हुगळीतीरावरील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली आपल्या मराठी भाषेतील नवा करार बाहेर पडला.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विलंब व धीर ही बाहेरून सारखीच दिसतात. दोहोंतही मनुष्य ‘पुढे होईल’ असेच म्हणतो. परंतु विलंब करणाऱ्याचे बी फळीवर असते, आणि धीर धरणाऱ्याचे बी मातीत असते. आणि ज्याचे बी मातीत आहे, त्यास काम असते. लूककृत शुभवर्तमानातील दृष्टांतात मळ्याचा धनी अंजिराच्या झाडावर तीन वर्षे फळ न मिळाल्यामुळे ते तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो; पण त्या वर्षात झाडाभोवती खणीन व खत घालीन असेही कबूल करितो. पुढे त्या झाडाचे काय झाले हे प्रभूने सांगितले नाही. ते उत्तर आपल्या हाती ठेविले आहे.

आंब्याची पहिली पालवी तांबूस, मऊ व खाली लोंबणारी असते. नवशिका माळी घाबरतो, रोप कोमेजले असे समजून पाण्यावर पाणी घालितो, आणि मूळ कुजवितो. जाणता माळी थोडे दिवस वाट पाहतो. पाने आपोआप हिरवी होतात व ताठ उभी राहतात. नव्या विश्वासणाऱ्यांविषयी आपल्या मंडळ्या अशीच घाई करितात. एका गावी नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबाचा कर्ता बाजारच्या दिवशी पिऊन घरी आला. पुढच्याच बैठकीत पंचांनी त्याचे नाव यादीतून काढावे असा विचार मांडिला. तेव्हा एक म्हातारी विधवा उठली व म्हणाली, “बाबांनो, एवढं एक वरीस त्याला माझ्या हवाली करा.” ती वर्षभर दर बाजारच्या संध्याकाळी गावच्या वाटेवर जाऊन बसे, आणि त्यास आपल्या बरोबर घरी आणीत असे. तो मनुष्य आज त्या मंडळीत घंटा वाजवितो.

ज्यांस ह्या पावसाळ्यात खरोखर झाड लावावयाचे आहे, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. चांगल्या पिकलेल्या फळाची कोय घ्यावी, धुवावी, वरचे कठीण कवच जपून उघडून आतील गर काढावा, आणि त्याच आठवड्यात, फुगीर कड वर येईल असा, बोटभर खोल लावावा. आठळी वरचा बुळबुळीतपणा धुऊन, एक दिवस पाण्यात भिजवून लावावी. आंबा व फणस ह्यांचे सोटमूळ लवकर खोल जाते व ते दुखावलेले झाडास सोसत नाही. म्हणून होईल तर कायमच्या जागीच, शेणखत घालून भरलेल्या खड्ड्यात लावावे. पाणी साचेल तेथे लावू नये. दोन आंब्यांत दहा मीटर अंतर असावे. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण त्याच दिवशी करावे. शेळी उद्याची वाट पाहत नाही. उन्हाळ्यासाठी रोपाजवळ एक कच्चे न भाजलेले नव्हे, तर भाजलेले साधे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. ते हळूहळू पाझरून मुळांस ओल देते. मधल्या मोकळ्या जागेत पपई व शेवगा लावावा, म्हणजे मोठे झाड वाढेपर्यंत मुलांच्या ताटात काही पडेल.

पन्नाशी उलटलेले कित्येक बंधू म्हणतात, आम्ही कोय लावून काय करावे, फळ कोण खाणार? त्यांनी आपल्या अंगणातील जुनी चिंच कोणी लाविली हे स्मरावे. आपण ज्या झाडाखाली प्रार्थनेस बसतो, ते लावणारा मनुष्य बहुतेक ठिकाणी त्या सावलीत फार दिवस बसलेला नाही.

तर प्रियहो, ह्या आठवड्यात दोन कामे करू या. एक ताजी कोय मातीत लावू या. आणि ज्या एका मनुष्यास आपण ‘सवड झाल्यावर’ असे सांगून ठेविले आहे, त्याच्या दारी सवड नसतानाच जाऊ या. पहिल्याचे फळ कदाचित आपली नातवंडे खातील. दुसऱ्याचे फळ केव्हा येईल हे धनी जाणतो. पेरणे आपल्याकडे आहे, आणि आजचा दिवस आपल्या हाती आहे.

हे प्रभू, आमच्या फळीवर पडून राहिलेल्या बियांबद्दल आम्हांस क्षमा कर. पेरण्यास आम्हांस त्वरा दे, वाट पाहण्यास धीर दे, आणि वाट पाहता पाहता खणण्यास व खत घालण्यास बळ दे. आमेन.