राजाची शेगडी



यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 36वा अध्याय या आठवड्यात आपण घरी वाचू या. हिवाळ्याचे दिवस आहेत. यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसला आहे. बारूखने लिहून घेतलेले यिर्मयाचे शब्द त्याला वाचून दाखवले जातात. तीनचार रकाने वाचून झाले, की राजा तेवढा भाग चाकूने कापतो आणि शेगडीत टाकतो.

राजाला कळत नव्हते का? कळत होते. पण बदलण्याची किंमत आज त्याला मोजावी लागणार होती आणि न बदलण्याची किंमत उद्या सगळ्या नगराला. म्हणून त्याने गुंडाळीच जाळली.

ही शेगडी अजून विझलेली नाही. खनिज तेल जाळल्याने पृथ्वी तापेल, असे एक्सॉन कंपनीच्या शास्त्रज्ञाने 1977 साली वरिष्ठांना सांगितले. पुढे त्याच कंपनीने लोकांच्या मनात शंका पेरण्यासाठी पैसा खर्च केला. आपल्या सह्याद्रीविषयी माधव गाडगीळ समितीने 31 ऑगस्ट 2011 रोजी केंद्र सरकारला अहवाल दिला. ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, असे त्यात होते. तो लोकांपुढे यायला मे 2012 उजाडला, तोही माहिती अधिकार आणि न्यायालयाच्या आदेशामुळे.

30 जुलै 2014 रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गेली. अहवाल पाळला असता तर माळीण वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण ढगफुटीसारखा पाऊस पडतो तेव्हा डोंगराखाली कोण झोपलेले असते, हे आपण पाहिले. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, त्याला घाई नसते.

आपल्या बोरीत कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची, असे शास्त्रज्ञ मानतात. तीन हजार किलोमीटरहून दूरची राख आपल्या नदीत उतरली! आभाळाला बांध नसतो. दूरच्या धुराचा अवकाळी पाऊस आपल्या द्राक्षांवर आणि कांद्यावर पडतो.

बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवू नये. केरळात 2013 साली सह्याद्रीच्या अहवालांविरुद्ध आंदोलन झाले, त्यात काही कॅथोलिक धर्मगुरूही पुढे होते. लहान शेतकऱ्याची भीती खरी होती. पण त्याच भीतीच्या आडोशाला खाणवाले आणि बिल्डरही उभे राहतात, हे ओळखायला हवे. आणि आपण? शेजाऱ्याची विहीर आटली तरी आणखी खोल बोअर घेताना, नदीतली वाळू उचलली जाताना गप्प बसताना, आपल्याही हाती छोटासा चाकू असतोच.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच सांगितले, की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे.

राजाने गुंडाळी जाळली, तरी देवाचे वचन जळले नाही. यिर्मयाने बारूखकडून ते पुन्हा लिहून घेतले आणि त्यात आणखी भर पडली. आपणही ग्रामसभेत उठून बोलू या, पुन्हा पुन्हा बोलू या.

हे प्रभू, ऐकायला आम्हांला कान दे आणि ऐकलेले आचरायला धैर्य दे. आमेन.