एकच गिऱ्हाईक

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका गावात कापूस पिकवणारा शेतकरी होता. सगळं गाव त्याला नाना म्हणे. नानांच्या तरुणपणी गावात कापूस घेणारा व्यापारी एकच होता. पेरणीला उसने पैसे तोच द्यायचा, म्हणून वेचणीनंतर माल त्यालाच घालावा लागे. भाव तो सांगेल तो, वजन तो करील ते, कट्टी तो कापेल ती. नाना म्हणत, "माल आपला, भाव त्यास्ना."

१९७२ मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. महाराष्ट्रातला कापूस शासनाच्याच केंद्रावर विकायचा, असा कायदा आदल्या वर्षी झाला होता. हेतू चांगला होता. शेतकऱ्याला हमीभाव मिळावा आणि दलालाकडे जाणारा नफा त्याच्याच घरात राहावा. पहिली गाडी केंद्रावर घालून नाना आले, तेव्हा घरात पुरणपोळी झाली. भाव आधी जाहीर झालेला, काटा सगळ्यांसमोर. व्यापाऱ्याच्या ओट्यावर हात जोडून बसणं संपलं होतं.

पुढे मात्र केंद्रावर गाड्यांची रांग लांबत गेली. नानांनी थंडीत गाडीखाली रात्री काढल्या. ग्रेडरने चांगला कापूस हलक्या प्रतीत टाकला, तरी बोलायची सोय नव्हती. चुकारा उशिरा येई आणि त्यातून सोसायटीचं कर्ज आधीच वळतं झालेलं असे. केंद्रावरची माणसं मुळात वाईट नव्हती. पण रांगेतला शेतकरी गाडी वळवून दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबई-आग्रा रस्त्यावर, घाट ओलांडला की मध्य प्रदेशातलं सेंधवा, कापसाची मोठी बाजारपेठ. तिथे भाव चढला की सीमेवरचा कापूस रातोरात तिकडे जाई. वाटेत पकडला गेला, तर स्वतःच्या शेतातला माल विकणारा माणूस गुन्हेगार ठरे. बाहेर भाव पडला की उलटं घडे. व्यापारी तिकडचा स्वस्त कापूस आणून इकडच्या केंद्रावर खपवत. तेजीत माल निसटायचा, मंदीत येऊन पडायचा. योजनेचा तोटा साचत गेला आणि २००२ मध्ये खासगी खरेदीला मुभा मिळाली.

नानांचा पुतण्या म्हणाला, "नाना, आता आपण मोकळे झालो."

त्याच वर्षी देशात बीटी कापसाला मान्यता मिळाली होती. बोंडअळीला कंटाळलेला पुतण्या पुढे ते बियाणं आणू लागला. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांहून जास्त पडत. पुढे पाकिटांवर नावं वेगवेगळी दिसू लागली, पण आतलं तंत्रज्ञान एकाच कंपनीचं, आणि त्याचं स्वामित्वशुल्क प्रत्येक पाकिटात मिळवलेलं. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा पाकीट साडेसातशेवर आलं. महाराष्ट्रातही किंमत उतरली. बियाणं तेच, पाकीट तेवढंच.

त्या हंगामात पुतण्याने दारात आलेल्या व्यापाऱ्याला कापूस घातला. नानांनी विचारलं, "किती जणांना भाव विचारलास?"

"विचारणार कुणाला? आपल्या गावात हाच एक येतो."

"मग बेटा, माझ्या तरुणपणात आणि तुझ्यात फरक काय पडला?"

पुतण्या त्या रात्री झोपला नाही. सकाळी त्याने गल्लीतले शेतकरी गोळा केले. थोडा थोडा माल एकत्र करून सगळ्यांनी मिळून टेम्पो ठरवला. आधी शिरपूर, चोपडा आणि सेंधव्याचे भाव विचारले, हमीभाव पाहिला, भाडं वजा केलं आणि जिथे हातात जास्त उरत होतं तिथे माल नेला. पुढच्या वेचणीला गावातला व्यापारी आपणहून भाव वाढवून सांगू लागला. कट्टीचा विषयही त्याने काढला नाही.

पुतण्या हरखला. "नाना, तो सुधारला!"

"तो आहे तसाच आहे," नाना म्हणाले. "तू दुसरीकडे जाऊ शकतोस, एवढं त्याला कळलं. सावकार होता, सरकार आलं, कंपनी आली. ज्याच्या ज्याच्या हाती सगळं गेलं, त्याला आपलं ऐकायची गरज उरली नाही. म्हणून विकताना दुसरं गिऱ्हाईक आणि घेताना दुसरं दुकान, हे कायम जपायचं. एकट्याला ते जमत नाही, दहा जणांना जमतं."

बोध: मक्तेदाराच्या चांगुलपणावर विसंबू नये. एकच विकणारा असला की ग्राहक नाडला जातो, एकच घेणारा असला की पिकवणारा. दुसरा पर्याय उभा ठेवणं आणि त्यासाठी एकत्र राहणं, यातच दोघांचं रक्षण आहे.