गहाण नसलेलं सोनं

परभणी जिल्ह्यात सोन्याला दोन हंगाम असतात. दिवाळीच्या सुमारास कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की ते घरात येतं आणि मृगाच्या तोंडावर बियाणं-खताची सोय लावायची असते तेव्हा घराबाहेर पडतं. मंदी आणि महागाईपासून वाचायचं तर सोनं-चांदी घ्या, हा सल्ला आज चहूबाजूंनी मिळतो. त्यात तथ्य आहे, मात्र तो खरेदीपाशीच थांबतो. आपल्याकडचा खरा प्रश्न खरेदीनंतर सुरू होतो. सोनं घर सांभाळतं ते मोकळं असेल तरच. सोडवण्याची ऐपत नसलेल्या घराचा गहाण पडलेला दागिना कितीही महाग झाला, तरी त्या वाढीचा उपयोग त्या घराला होत नाही.

या मुलखाचा धातूवरचा विश्वास अनुभवातून आलेला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती आणि व्यवहार हाली शिक्क्यात चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश भारताचे रुपये, असा हिशेब होता. राज्य गेलं आणि १९५९ मध्ये ते चलनही बाद झालं. एका पिढीनं राजवट आणि पैसा दोन्ही बदलताना पाहिले. पुढे १९७२ च्या दुष्काळात अंगावरचे तोडे, वाळे, सरी मोडून धान्य आणलेली घरं मराठवाड्यात गावोगाव होती. त्याआधीच सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले होते, १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. त्या साऱ्या काळात लोकांनी सोनं सोडलं नाही. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनंही सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवलं आणि काही महिन्यांत कर्ज फेडून ते सोडवलं. देश सावरला त्यात सोन्याचा वाटा होता, तितकाच ते सोडवता येण्याचाही होता.

महागाईपुरतं सोन्यानं आपलं काम चोख केलं आहे. पण कुणासाठी, हे शेतकऱ्याच्या मापानं मोजून पाहावं. २०१३ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,००० रुपये होता आणि दहा ग्रॅम सोनं तीस हजारांच्या आसपास, म्हणजे साडेसात क्विंटल कापसाला एक तोळा. २०२५ च्या हंगामात हमीभाव ८,११० झाला आणि ऑक्टोबरमध्ये सोनं एक लाख वीस हजारांच्या पुढे गेलं. हमीभाव पदरात पडला असं धरलं, तरी त्याच तोळ्याला पंधरा क्विंटल कापूस लागत होता. ज्याच्या घरी जुनं सोनं होतं त्याला महागाईनं गाठलं नाही. जो तरुण शेतकरी तेव्हा पहिला तोळा घ्यायला निघाला, त्याच्यासाठी मात्र हा आसरा दुप्पट महाग झालेला होता.

दुसरी गोष्ट वेळेची. सोन्याचा भाव डॉलर, अमेरिकेतले व्याजदर, युद्धाच्या बातम्या आणि आपल्या सरकारचं आयात शुल्क ठरवतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव तोळ्यामागे काही हजारांनी उतरला. आपल्यावरचं संकट पावसाच्या वाटेनं येतं. ही दोन गणितं जुळतीलच असं नाही. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं मराठवाड्यानं दुष्काळ सोसला. नेमकं २०१५ च्या अखेरीस सोनं पंचवीस-सव्वीस हजारांवर होतं, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या भावापेक्षा खाली. चांदी तर २०११ मध्ये किलोला सत्तर हजारांवर जाऊन आली होती, ती जवळपास निम्म्यावर उतरली. चढ्या भावात घेऊन दुष्काळात मोडणाऱ्याचं दुहेरी नुकसान झालं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पिकं पाण्यात गेली, तेव्हा सोनं तेजीत होतं. पुढच्या वेळी काय असेल हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून पुढच्या पेरणीचा पैसा धातूत घालू नये. एका खरिपाचा खर्च आणि घरातल्या आजारपणाची तजवीज बँकेत रोख असावी. त्यावर जे उरेल, त्याचंच सोनं व्हावं. कर्ज काढून घेतलेलं सोनं हा तर बचाव नव्हेच.

तरीही गहाण ठेवण्याची वेळ येतेच. तिथे भावापेक्षा व्याज निर्णायक ठरतं. जूनमध्ये ५०,००० उचलले आणि पाच महिन्यांनी फेडले, तर वार्षिक ९ टक्क्यांनी १,८७५ रुपये व्याज होतं. शेकडा तीन दरमहा या खासगी दरानं तेच ७,५०० होतं. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे. परवाना, पावती, हिशेबाची वही हे सारं त्यात बंधनकारक आहे. बिनपावतीचा व्यवहार करणारा शेतकरी कायद्याचं हे संरक्षण आपल्या हातानं सोडून देतो. २०१५ मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज फेडण्याचा निर्णय घेतला, तोही परवानाधारक सावकारांकडच्या कर्जापुरता. कागद नसलेल्याला त्यात जागा नव्हती.

सोनं कोणत्या रूपात घ्यायचं, हेही महत्त्वाचं. दागिन्यावर मजुरी जाते, ३ टक्के जीएसटी जातो आणि मोडताना घट धरली जाते. लग्नकार्याचा दागिना वेगळा. बचतीसाठी वेढणी किंवा नाणं बरं. हॉलमार्क आणि दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळख क्रमांक पाहून घ्यावा, पक्की पावती जपावी. सरकारी सुवर्ण रोखे यापेक्षा सोयीचे होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये २,६८४ रुपये ग्रॅमनं दिलेला पहिला रोखा आठ वर्षांनी ६,१३२ रुपयांनी परत घेतला गेला, शिवाय वर्षाला व्याज मिळालं. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत, ही सामान्य बचतदाराची हानी आहे.

आणि सोनं मुळात कुणाचं? स्त्रीधनावर फक्त स्त्रीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. दागिना तिचा असेल, तर तारणाचा निर्णय तिच्या संमतीनं आणि पावती तिच्या नावानं झाली पाहिजे. नवरा गेल्यावर सावकाराच्या दारात तिला स्वतःच्याच बोरमाळेसाठी पुरावे मागितले जाऊ नयेत.

शेवटी जबाबदारी एकट्या घरावर टाकून चालणार नाही. पीककर्ज मेअखेर हातात पडलं, पीकविम्याची भरपाई रब्बीच्या पेरणीआधी आली, तर मृगात सराफ्याची वाट धरण्याची गरज बहुतेकांना उरणार नाही. आज बायकांचे दागिने सरकारच्या उशिराची भरपाई करत आहेत. शेतकऱ्याच्या घरातलं सोनं जगाच्या मंदीपासून वाचवणारं कवच व्हावं असं वाटत असेल, तर त्याला आधी दरसालच्या पेरणीच्या ओझ्यातून सोडवलं पाहिजे. ते काम बँकांचं आणि शासनाचं आहे, आणि ते जूनच्या आत झालं तरच उपयोगाचं आहे.