कलावंताची संधि आणि सिद्धि

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने स्नेही सहकुटुंब आमच्याकडे आले होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या असतां त्यांनीं एकाएकीं आवाज खालीं आणून आम्हांस विचारलें, "आमची धाकटी चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा 'अ' श्रेणींत उतरली. आतां म्हणते, कलाशाळेंतच जाणार. तुम्ही लिहिणारे लोक. तुम्हांला यांतलें कांहीं कळत असेल. खरें सांगा, तेथून बाहेर पडलेल्यांपैकीं किती जणांचें पुढें कांहीं होतें?" मुलगी शेजारच्याच खोलींत होती आणि मधलें दार उघडें होतें. आम्हीं कांहींतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. आणि ज्याअर्थीं असा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जातो, त्याअर्थीं त्याचा स्वस्थपणें विचार करावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

'कांहीं होतें' या दोन शब्दांतच सारा घोटाळा आहे. वैद्याचें कांहीं झालें म्हणजे त्याचा दवाखाना चालूं लागला; वकिलाचें कांहीं झालें म्हणजे त्याच्याकडे पक्षकार येऊं लागले. चित्रकाराविषयीं बोलतांना मात्र आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दांत कोंबतों : त्याचें पोट भरतें काय, त्याचें नांव होतें काय, आणि त्याच्या हातून उत्तम काम होतें काय. इतर धंद्यांत या तिन्ही गोष्टी बहुधा मागेंपुढें एकमेकींस येऊन मिळतात. कलेच्या प्रांतांत त्यांच्यामध्यें कित्येक वर्षांचें अंतर पडतें. कधीं कधीं त्यांची गांठच पडत नाहीं. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्यांच्या हातच्या आहेत; त्यांस आम्ही संधि म्हणतों. तिसरी कलावंताच्या स्वतःच्या हातची. तीस सिद्धि म्हणतों. संधि देणें हें समाजाचें काम, सिद्धि मिळविणें हें कलावंताचें. आमची तक्रार एवढीच आहे कीं, आपण हा हिशेब उलटा मांडतों. संधि मिळाली नाहीं कीं तो कलावंताचा नाकर्तेपणा ठरवितों, आणि त्याची सिद्धि डोळ्यांत भरूं लागली कीं तें आपल्या रसिकतेचें फळ म्हणून मिरवितों.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. मुंबईची सर जे. जे. कलाशाळाच घेऊं. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लक्ष रुपयांची देणगी देऊं केली व १८५७ सालीं शाळा सुरू झाली. चित्रकारांची पिढी निर्माण करावी हा त्या वेळीं मुख्य हेतु नव्हता; येथील कारागिरांच्या हातास नवें वळण लागावें, एवढीच प्रथम अपेक्षा होती. म्हणजे 'या मुलांचें पुढें काय' हा प्रश्न शाळेच्या पायाइतकाच जुना आहे.

याच शाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. लेण्यांतील अंधुक उजेडांत, पोपडे धरलेल्या भिंतीपुढें उभे राहून त्या तरुणांनीं रेषेला रेषा लावली. नकला लंडनला गेल्या आणि १८८५ सालीं तेथें लागलेल्या आगींत त्यांतील बऱ्याच जळून गेल्या. पेस्तनजी बोमनजींसारखें एखादें नांव सोडलें तर त्या विद्यार्थ्यांचीं नांवें सामान्य वाचकास ठाऊक नाहींत. त्यांचें 'कांहीं झालें' काय? आमच्या स्नेह्यांच्या हिशेबानें कांहींच झालें नाहीं. तथापि पुढें १८९६-९७ सालीं ग्रिफिथ्स यांचे जे मोठे ग्रंथ निघाले व अजिंठा ज्यांच्या योगें जगापुढें आला, त्यांच्या मुळाशीं याच हातांची मेहनत होती. कागद जळाला, त्या मेहनतीचें फळ जळलें नाहीं.

त्यानंतरच्या पिढ्यांकडे पाहिलें म्हणजे दुसरी एक गोष्ट ध्यानांत येते. केवळ स्वतंत्र चित्रें विकून सुखानें राहिलेला कलावंत क्वचितच सांपडतो. बहुतेकांस पोटासाठीं दुसरें कांहीं ना कांहीं धरावें लागलें. रावबहादुर धुरंधर १८९० सालीं विद्यार्थी म्हणून शाळेंत आले आणि त्यांचें जवळजवळ सगळें आयुष्य तेथेंच शिकविण्यांत गेलें. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचें नांवच 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' असें आहे. या नोकरीबरोबरच त्यांनीं पुस्तकांसाठीं, पोस्टकार्डांसाठीं व जाहिरातींसाठीं असंख्य चित्रें काढलीं. शिल्पकार करमरकर यांस पुण्याच्या अश्वारूढ शिवपुतळ्याचें काम मिळालें व १९२८ सालीं तो उभा राहिला. त्याच सुमारास नव्या दिल्लींतील सचिवालय सजविण्याचें काम मुंबईच्या कलाशाळेकडे आलें. या संधि संस्थानिकांच्या, सरकारच्या वा सार्वजनिक वर्गणीच्या होत्या. पुढें छापखाने व मासिकें वाढलीं. १९३५ च्या सुमारास शाळेंत व्यावसायिक कलेचा वर्ग निघाला. आणि दीनानाथ दलालांसारख्या कलावंतास मुखपृष्ठ हेंच चित्रफलकाच्या ठिकाणीं झालें.

कांहींनीं तर आधीं नसलेली संधिच निर्माण केली. १८८५ सालीं दादासाहेब फाळके याच शाळेंत दाखल झाले, त्या वेळीं चलच्चित्र हा धंदा जगांत कोठेंही नव्हता. १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. १८८५ सालीं फाळक्यांच्या वडिलांनीं "याचें पुढें काय होईल?" असें कोणा जाणत्यास विचारलें असतें, तर त्या जाणत्यास खरें उत्तर देणें शक्यच नव्हतें. पुढचे दरवाजे आज दिसत नाहींत, एवढ्यावरून पुढें भिंतच आहे असें अनुमान काढणें बरोबर नव्हे.

येथें दोन बाजूंनीं आक्षेप येतील. शुद्ध कलेचे अभिमानी म्हणतील कीं, मुखपृष्ठें, पोस्टकार्डें आणि शाळामास्तरी यांत कलेचा विक्रय झाला. व्यवहारी लोक म्हणतील कीं, जो आपल्या चित्रांवर जगूं शकला नाहीं तो कलावंतच कसला? आमच्या मतें हे दोघेही एकाच चुकीचे भागीदार आहेत. काम कोठून आलें यावरून तें कसें झालें हें ठरवावयास ते निघाले आहेत. ज्या घरांत तैलचित्र कधींच आलें नसतें, अशा हजारों घरांत दलालांचीं चित्रें दिवाळी अंकाबरोबर गेलीं, आणि रंगसंगति म्हणजे काय हें तेथील मुलांस प्रथम त्यांवरून कळलें. प्रभाकर बरवे यांनीं पुष्कळ वर्षें विणकर सेवा केंद्रांत नोकरी केली. त्या नोकरीनें त्यांची प्रतिभा खुंटली असें 'कोरा कॅनव्हास' वाचणारा कोणीही म्हणणार नाहीं. भाकरीचें काम कलेस मारीत नाहीं. तें काम बेपर्वाईनें करण्याची संवय मारते.

आतां दुसऱ्या टोकाचें उदाहरण पाहूं. वासुदेव गायतोंडे यांनीं १९४८ सालीं जे. जे. ची पदविका घेतली. त्यांनीं मोजकीं चित्रें काढलीं, गर्दी टाळली, आणि आयुष्याचीं अखेरचीं अनेक वर्षें दिल्लींत अगदीं एकांतांत घालवून २००१ सालीं देह ठेवला. सरकारनें १९७१ सालीं पद्मश्री दिली होती. तरी सामान्य सुशिक्षित मराठी घरांत त्यांचें नांव माहीत नव्हतें. २०१३ सालच्या डिसेंबरांत मुंबईच्या लिलावांत त्यांचें एक चित्र २३ कोटी ७० लक्ष रुपयांस गेलें आणि दुसऱ्या दिवशीं सर्वांस त्यांची ओळख पटली. आमचा प्रश्न असा कीं, गायतोंडे यशस्वी झाले ते कोणत्या वर्षीं? लिलावाच्या हातोड्यानें त्या चित्रांत रंगाचा एक थेंबही वाढला नाहीं. त्यांची सिद्धि चित्र पुरें झालें त्याच दिवशीं पुरी झाली होती; २०१३ सालीं जी आली ती संधि, आणि तीही दुसऱ्यांची.

कायद्यालाही ही विसंगति जाणवली आहे. आपल्या प्रताधिकाराच्या कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें ५३-अ हें कलम आलें. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकलें गेल्यास, शेंकडा दहापर्यंतचा हिस्सा ठराविक अटींवर कलावंतास वा त्याच्या वारसांस मिळावा, अशी त्यांत तरतूद आहे. फ्रान्सनें हें तत्त्व १९२० सालींच मान्य केलें होतें. हिस्सा किती, यापेक्षां त्यांतील कबुली आम्हांस महत्त्वाची वाटते : मागाहून वाढलेल्या किमतीवर कलावंताचें कांहीं देणें उरतें, हें समाजानें लिहून दिलें आहे.

पण गायतोंडे पिढींत एखादाच, बाकीच्यांचें काय? आमच्या लहानपणीं आमच्या शाळेंत एक ड्रॉइंगमास्तर होते. परीक्षा जवळ आली कीं त्यांचा तास गणिताला दिला जाई, आणि ते निमूटपणें खडूचा डबा उचलून बाहेर पडत. एकदां त्यांनीं टेबलावर पितळेचा तांब्या ठेवून आम्हांस काढावयास सांगितला. आम्हीं सावली काळ्या रंगानें भरली. मास्तर म्हणाले, "सावली काळी नसते रे. नीट बघ." आम्हीं पाहिलें, ती निळसर होती, आणि तांब्याच्या बाजूस तिच्यांत किंचित् तांबूस छटा होती. त्या दिवसापासून आजतागायत आम्हांस काळी सावली दिसलेली नाहीं. मास्तरांच्या नांवानें कोठें प्रदर्शन भरलें नाहीं. तरी चाळीस मुलांच्या डोळ्यांवरचा पडदा एका वाक्यानें दूर करणें, यास सिद्धि म्हणावयाचें नाहीं तर कशास म्हणावयाचें?

मात्र येथेंच एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. 'कलावंतास साधनेचें समाधान पुरतें' असें म्हणणें फार सोपें आहे, आणि तें बहुधा पैसे देण्याची वेळ आली म्हणजेच म्हटलें जातें. स्मरणिकेचें मुखपृष्ठ, उत्सवाचा देखावा, लग्नाची पत्रिका ही कामें आपण ओळखीच्या कलावंताकडून फुकट करून घेतों आणि वर 'तेवढीच तुमची प्रसिद्धि' असेंही ऐकवितों. मांडवाच्या विजेचे पैसे मात्र रोख मोजतों. साधनेंत समाधान असतें हें खरें. परंतु तें कलावंतानें स्वतःशीं म्हणावयाचें वाक्य आहे, गिऱ्हाइकानें त्यास ऐकवावयाचें नव्हे. मास्तर निमूटपणें बाहेर पडत हा त्यांचा मोठेपणा. त्यांस बाहेर पडावें लागे हा इतरांचा कमीपणा.

पदविकेच्या कागदासही आम्ही वाजवीपेक्षां अधिक किंमत देत नाहीं. आर. के. लक्ष्मण यांस याच जे. जे. नें प्रवेश नाकारला होता, हें सर्वश्रुत आहे. शाळा हात घडविते, सोबती देते, कांहीं वर्षें पाहण्यास मोकळीक देते. त्यापुढचें ती देऊं शकत नाहीं. ती मोकळीक मात्र लहान नव्हे, आणि ती मिळणें न मिळणें हें प्रथम घरावर अवलंबून असतें. धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई व त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला या दोघीही त्याच शाळेंत शिकून चित्रकार झाल्या. ज्या काळीं मुलीनें साधें बाहेर शिकावयास जाणें हेंही धाडस होतें, त्या काळीं हें घडलें. कारण दोघींच्याही घरीं रंगाचा वास हा परका वास नव्हता. त्यांस पहिली संधि कोणा राजानें वा सरकारनें दिली नाहीं, बापानें दिली.

हाच विचार आम्हीं आमच्या स्नेह्यांस पत्रानें कळविला. लिहिलें कीं, मुलीचें नांव होईल कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं, आणि जो तें सांगेल त्यावर विश्वास ठेवूं नका. पोटासाठीं तिला शिकवावें लागेल, पुस्तकें सजवावीं लागतील, कदाचित् आज नांवही ठाऊक नसलेलें एखादें काम करावें लागेल. त्याची लाज तिला वाटूं देऊं नका. ती किती मिळविते एवढेंच न विचारतां, ती अजून नीट पाहते कीं नाहीं, हेंही अधूनमधून विचारीत जा.

पत्र पुरें करून मान वर केली तों समोरची भिंत दिसली. तीवर एका बँकेचें कॅलेंडर होतें, आणि त्याशेजारीं बाजारांतून आणलेलें छापील निसर्गदृश्य चौकटींत बसविलेलें होतें. या घरांत आम्हांस तीस वर्षें झालीं. पुस्तकें घेतलीं, गाण्याच्या बैठकींचीं तिकिटें काढलीं, दोनदां सबंध घर रंगविलें. परंतु जिवंत चित्रकाराच्या हातचें एकही चित्र पैसे मोजून आम्हीं आणलेलें नाहीं. 'किती जणांचें पुढें कांहीं होतें' या प्रश्नाचें निदान एक उत्तर त्या भिंतीवर होतें. आम्हीं पत्राखालीं आणखी एक ओळ लिहिली : मुलगी शाळेंत गेली कीं तिचें पहिलें पुरें झालेलें चित्र आम्हांस दाखवावें, आवडलें तर ती सांगेल त्या किमतीस आम्ही तें घेऊं, आणि किंमत कमी करा असें म्हणणार नाहीं.