भिंतीने वाट सोडावी

परवा आमचे एक स्नेही घराचा नकाशा घेऊन आले. कोकणात डोंगराच्या उतारावर, भर रानात त्यांनी जागा घेतली आहे. "मास्तर, असे घर बांधतो की रस्त्यावरून दिसणारसुद्धा नाही. रानात विरघळून जाईल!" नकाशा खरोखर सुरेख होता. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ऐसपैस पडवी. मी सहज विचारले, "या बैठकीच्या जागी आज काय आहे?"

"एक ऐन आहे, दोन किंजळ," ते म्हणाले, आणि नकाशाची गुंडाळी करू लागले.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणता येईल काय? रानाचा रंग ल्यालेली भिंत वाटसरूच्या डोळ्यांना फसवील. पण ज्याचे घरटे त्या ऐनावर होते, त्या पाखराला ती कशी फसवणार?

अशा वेळी लॉरी बेकर आठवतात. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले हे वास्तुविशारद आयुष्यभर भारतात रमले आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारले. त्याच शहरातील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती त्यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत झाडीभरल्या टेकडीवर उभारल्या. झाड आडवे आले तर झाड पडत नसे, भिंत वळसा घेई. विटा ते उभ्या कडेवर रचीत आणि मध्ये पोकळी ठेवीत. त्यामुळे ऊन आत येत नाही आणि सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. वीट वाचली म्हणजे भट्टीतले सरपण वाचले, म्हणजे दूरचे, कधी न पाहिलेले रान वाचले! दारातले झाड राखणाऱ्याला हे दुसरे रान सहसा आठवत नाही.

आदर्श घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार बेकर नेहमी सांगत. आता जांभा म्हणाल तर तो आमच्या मित्राच्या पायाखालीच आहे. पण चिरा काढला की तिथे खड्डा उरतोच. फरक एवढाच, की पाच मैलांतला खड्डा येता-जाता दिसतो. कोण जाणे, त्या पाच मैलांचा खरा उपयोग हाच असेल!

आपले पूर्वज काही साधू नव्हते. वाशांसाठी त्यांनीही झाडे तोडली. मात्र देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, एवढी एक रेघ त्यांनी आखली होती. तिथे घर 'विरघळवण्याची' हौस त्यांना झाली नाही. ते गावातच राहिले.

मित्र काल पुन्हा आले. बैठक तिरकी झाली आहे, पडवी आखूड झाली आहे, ऐन वाचला आहे. किंजळांविषयी ते बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. मे महिन्यात राहायला येण्याचे त्यांचे आमंत्रण मी पहिल्याच दिवशी स्वीकारून बसलो होतो.