विम्याचे लेख्य कोणाच्या हाती?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 नुसार भारतात त्रयस्थ विमा, म्हणजे अपघातात सापडलेल्या तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईची हमी देणारा विमा, सक्तीचा आहे. त्याचा पुरावा कागदावर दाखवावा की मोबाइलवर, हा प्रश्न 2018 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 139 मध्ये दुरुस्ती होऊन आणि दोन्ही रूपे ग्राह्य ठरून कायद्यापुरता मिटला. प्रमाणशास्त्रापुरता तो मिटलेला नाही.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत विमापत्र हे शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे वचन होय. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते, बाध येईपर्यंत ते खरेच मानावे. नैयायिक मात्र त्याला बाहेरचा पडताळा मागतात. कागद पाहून गाडी सोडणारा वाहतूक हवालदार नकळत मीमांसक ठरतो आणि गाडीचा क्रमांक टाकून ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदकोशात विम्याची मुदत पाहणारा नैयायिक. दुसऱ्याची सावधगिरी रास्त आहे, कारण विमा अधिनियम, 1938 चे कलम 64 व्हीबी हप्ता हाती आल्याखेरीज जोखीम पत्करू देत नाही, आणि धनादेश न वटल्याने पॉलिसी रद्द झाली तरी डॅशबोर्डच्या खणातला कागद जसाच्या तसा राहतो. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लक्ष्मम्मा प्रकरणात असे ठरवले की, पॉलिसी रद्द होऊन तशी सूचना मालकाला पोहोचण्यापूर्वी अपघात घडला, तर त्रयस्थाची भरपाई कंपनीनेच द्यावी. बाध कळेपर्यंत वचन बांधून ठेवते, हे मीमांसकांचे म्हणणे येथे मागल्या दाराने परतले.

याज्ञवल्क्यस्मृती लेख्य, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आणि साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगते, आणि ऋण फिटल्यावर ऋणपत्र फाडून टाकण्यास सांगते. ही आज्ञा अर्थपूर्ण ठरते ती ऋणपत्र धनकोकडे राहते म्हणूनच. विम्यात ऋणको असते कंपनी, कारण भरपाई तिने द्यायची असते. कागद विमेदाराच्या हाती असतो. नोंदकोशातली नोंद मात्र कंपनी चढवते, शासन सांभाळते आणि विमेदाराला ती केवळ पाहता येते. लेख्याचे अशा रीतीने साक्षीत रूपांतर होते, आणि साक्षी चुकू शकतो: नोंदणी क्रमांकातला एक अंक चुकला, तर रीतसर हप्ता भरलेला मालक विमाहीन दिसतो. कागदाचा आग्रह धरणाऱ्यांना जुनाट म्हणणे म्हणूनच घाईचे आहे.

डिजिटल स्वाक्षरी असलेली पीडीएफ फाइल या पेचातून बरीचशी वाट काढते: ती विमेदाराजवळ राहते, आणि स्वाक्षरी कंपनीच्या गुप्त किल्लीने केलेली असल्याने मजकुरातले एक अक्षर बदलले तरी तपासणीत ते उघडे पडते. तीच फाइल छापली, की स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते; सोबतचा क्यूआर कोड पडताळणीच्या संकेतस्थळाकडे नेणारा असला, तर तो विचारणाऱ्याला पुन्हा कंपनीच्याच दारात नेऊन उभा करतो.